‘ब्रेन रॉट’ हा शब्द आला कुठून? मूळ सापडतं १८५४च्या पुस्तकात

एकामागून एक रील्स बघताना तासभर कसा गेला कळत नाही, आणि शेवटी डोकं बधिर होतं. या अवस्थेला तरुणाई ‘ब्रेन रॉट’ म्हणते. ब्रेन म्हणजे मेंदू, रॉट म्हणजे सडणं.

पण हा शब्द इंटरनेटवर जन्मलेला नाही. त्याची पहिली नोंद सापडते ती अमेरिकन लेखक हेन्री डेव्हिड थोरो यांच्या ‘वॉल्डन’ या १८५४ सालच्या पुस्तकात. गांधीजींनी ज्यांचा सविनय कायदेभंगावरचा निबंध वाचला होता, तेच हे थोरो.

त्याआधी १८४५ मध्ये युरोपात बटाट्याचं पीक रोगाने सडलं होतं. आयर्लंडमध्ये तर त्यातून भीषण दुष्काळ पडला. थोरोंनी तोच संदर्भ घेतला. सडक्या बटाट्यावर इंग्लंड उपाय शोधतंय, मग त्याहून जास्त पसरलेल्या मेंदूच्या सडण्यावर कुणीच का शोधत नाही, असा त्यांचा सवाल होता. खोल विचार टाळून सोप्यावर समाधान मानणाऱ्या समाजाला मारलेला हा टोमणा होता.

२०२४ मध्ये ऑक्सफर्डने ‘ब्रेन रॉट’ला वर्षाचा शब्द ठरवलं. त्यासाठीच्या मतदानात ३७ हजारांहून अधिक लोकांनी भाग घेतला. एका वर्षात शब्दाचा वापर २३० टक्क्यांनी वाढल्याचंही ऑक्सफर्डने नोंदवलं.

आज या शब्दाचे दोन अर्थ आहेत: निरर्थक कंटेंट आणि त्याचा डोक्यावर होणारा परिणाम. हे कुठल्या आजाराचं वैद्यकीय नाव मात्र नाही. गंमत म्हणजे, हा शब्द सर्वाधिक पसरवला तो असे व्हिडिओ बघणाऱ्या आणि बनवणाऱ्या पिढीनेच. म्हणजे काय बिघडतंय, हे त्यांना चांगलंच कळतंय.