निनावी लेखणीचा धनी

सकाळी पंपांच्या कारखान्याचे माहितीपत्रक, दुपारी पतपेढीचा वार्षिक अहवाल, रात्री एखाद्या शेटजींचे भाषण! स्वतंत्र व्यावसायिक लेखकाची लेखणी एका दिवसात असे तीन वेष पालटते. नाव मात्र कोठेच नसते.

मोबदला दिला म्हणजे मजकूरही आपला, अशी गिऱ्हाइकांची सर्रास समजूत. ती खरी नव्हे. आपल्या १९५७ च्या स्वामित्वहक्क-कायद्याप्रमाणे पगारी नोकराच्या लेखनाचा पहिला धनी सामान्यतः मालक. स्वतंत्र लेखकाच्या लेखनाचा मात्र तो स्वतःच! सहीनिशी लेखी करार झाल्यावाचून हा हक्क दुसऱ्याच्या नावे होत नाही. आणि करारात मुदत नमूद नसेल, तर ती ५ वर्षांचीच धरतात. पुष्कळ लेखकांसही हे ठाऊक नसते.

जाहीर भाषणाची गोष्ट तेवढी न्यारी. त्याचा पहिला धनी, ते करणारा! रात्र जागून कोणी का लिहिले असेना, शेटजींचे भाषण शेटजींचेच.