खिशातला फोन कशानं जातो?

शर्टाचा वरचा खिसा हा मोबाईलचा पहिला वैरी. हे माझं मत नाही. लासूर स्टेशनात मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या माझ्या दोस्ताचं आहे. माणूस विहिरीत डोकवायला वाकला की फोन गेला, ट्रॉलीचा फाळका उघडायला वाकला की गेला. "शेतकऱ्याचं सगळं काम वाकूनच, अन् फोन ठेवायचा छातीवर. टिकंल कसा?"

त्याच्या काउंटरखाली बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आहे. दुरुस्तीचा खर्च ऐकून मालकांनी तिथंच सोडलेले फोन त्यात जमा होतात. मजबूत फोनांवर दिवाळी अंकासाठी लिहायचंय म्हटल्यावर त्यानं डबा माझ्यापुढं उपडा केला आणि पत्ते लावावेत तसे ढीग लावले. सगळ्यात मोठा ढीग फुटलेल्या डिस्प्लेचा. दुसरा पाण्याचा. तिसऱ्याची मला अपेक्षा नव्हती: चार्जिंगचं तोंड गेलेले. फुगलेल्या बॅटऱ्या तो डब्यात ठेवतच नाही. त्या मागच्या ओट्यावर, वाळूच्या घमेल्यात.

"कोणता फोन मजबूत, हे मागून," तो म्हणाला. "आधी आपला फोन कशानं जातो ते बघ."

आमच्या गावाला तिन्ही ढीग पुरवण्याची सोय भरपूर आहे. लासूरगाव वेगळं, शिवना नदीकाठचं, दाक्षायणी देवीचं. लासूर स्टेशन ही रेल्वेमुळं वाढलेली बाजारपेठ. निजामाच्या काळात, १९०० च्या सुमारास, मनमाडकडं जाणारी मीटरगेज लाईन इथून गेली तेव्हापासूनची. छत्रपती संभाजीनगर पस्तीस-चाळीस किलोमीटर. कांद्याच्या दिवसांत बाजार समितीसमोर ट्रॅक्टरच्या रांगा लागतात आणि हवेत टरफलांचा असा भुगा असतो की पांढरा शर्ट दुपारपर्यंत भगवा होतो. हमाल, मापाडी, व्यापाऱ्याचा माणूस, रुळांवरून रोज पायी गस्त घालणारा कीमॅन, खांबावर चढणारा वायरमन, सगळ्यांच्या खिशात फोन. आणि आता तो हौसेचा राहिलेला नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभर ई-पीक पाहणी आली तेव्हापासून सातबाऱ्यावर पीक लावायचं तर शेतात उभं राहून फोटो काढावा लागतो. विहिरीवरची मोटारसुद्धा मोबाईल स्टार्टरनं चालू होते. थ्री फेज लाईट रात्रीची असेल तर पाणी भरायला जाणाऱ्याच्या हातात बॅटरी म्हणून फोनच असतो, आणि बांधावर काही वळवळलं तर तोच आधी हातातून सुटतो.

पाण्याच्या ढिगापासून सुरू करू, कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथं आहेत.

खोक्यावर 'आयपी६८' लिहिलेलं असतं. यातला पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. धुळीला सहा हा सर्वांत वरचा दर्जा. चाचणीत फोन टाल्कम पावडरीच्या धुरळ्यात कित्येक तास ठेवतात. आत कण जाता कामा नये. पाण्याचा सात म्हणजे एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास. आठ म्हणजे त्याहून कडक, पण किती खोल आणि किती वेळ हे कंपनी स्वतः ठरवते. बहुतेक ठिकाणी दीड मीटर, तीस मिनिटं एवढंच असतं. आमच्याकडं विहिरी परसात, म्हणजे पुरुषभर उंचीच्या मापात, मोजतात. सहा परस विहिरीत अर्ध्यापर्यंत पाणी असेल तर तळाशी गेलेल्या फोनवर पाच मीटरचा दाब येतो. तिथं खोक्यावरचा आठ कामाचा नाही. शिवाय ही चाचणी स्वच्छ, साध्या, उभ्या पाण्यातली असते. त्यात शेततळ्यातला गाळ नसतो, साबण नसतो, आणि फवारणीच्या औषधातलं तेलकट द्रावक तर नसतंच.

आणखी एक गोम. बुडवून तगलेला फोन जोराच्या फवाऱ्याखाली तगेलच असं नाही. ती चाचणी वेगळी. 'आयपी६९' हा आकडा मुळात गाड्या धुण्याच्या जर्मन मानकातून आला. ८० अंशांचं गरम पाणी, ८० ते १०० बार दाब, दहा-पंधरा सेंटीमीटरवरून, चार कोनांतून, प्रत्येकी तीस सेकंद. वॉशिंग सेंटरवर ट्रॅक्टर धुणाऱ्या पोराला याचा उपयोग आहे. बाकीच्यांनी त्या नऊसाठी जास्त पैसे मोजायची गरज मला तरी दिसत नाही. पण ज्यांचं काम पाण्याशी आहे त्यांनी खोक्यावर ६८ बरोबर ६६, म्हणजे साध्या पाण्याच्या जोरदार फवाऱ्याचा आकडा, आहे का तेही पाहावं.

माझा स्वतःचा फोन ६८चाच होता. आधी एकदा पडून डिस्प्ले फुटला, तो मी इथंच बदलून घेतला, आणि पुढच्या पावसाळ्यात नुसत्या भिजलेल्या खिशात तो गेला. कंपनीच्या सेवा केंद्रात टेबलापलीकडच्या मुलीनं सिमच्या खाचेत टॉर्च मारली, आतली पांढरी खूण लाल झालेली दाखवली आणि वॉरंटी संपल्याचं गोड आवाजात सांगितलं. दोष माझाही होताच. फोनचं पाणी अडवतात त्या आतल्या बारीक रबरी कडा आणि चिकटपट्ट्या. फोन एकदा गरम करून उघडला की त्या तुटतात. नवीन पट्टी लावून, दाबून बसवली नाही, तर खोक्यावरचा आकडा नुसता छापील उरतो. दोस्त कबूल करतो की पट्टी कुणी मागत नाही, सगळे "किती लागतील?" एवढंच विचारतात.

आणि तांदळाचं. भिजलेला फोन तांदळाच्या डब्यात पुरायची पद्धत घरोघर आहे. ॲपलनं तर आपल्या सूचनांत लिहूनच टाकलंय की असं करू नका, बारीक कण आत जातात. दोस्तानं मला एका फोनचं चार्जिंगचं तोंड भिंगाखाली दाखवलं. हिरवट-पांढरी बुरशीसारखी पूड, तिच्यात रुतलेली कोलमची एक कणी. पाणी सुकतं, त्यातले क्षार सुकत नाहीत. चार्जरला लावलं की वीज त्यातून वाट काढते आणि तांब्याला खाते. म्हणून भिजलेला फोन बंद करायचा, तोंड खाली धरून झटकायचा, वाऱ्यावर ठेवायचा आणि काही झालं तरी चार्जिंगला लावायचा नाही. सगळे नेमकं तेच आधी करतात, चालू होतो का बघायला.

पडण्याचा ढीग मोठा असला तरी सांगायचं थोडं आहे. 'मिलिटरी ग्रेड' हे शब्द ऐकले की सियाचीन डोळ्यांपुढं येतं. अमेरिकी संरक्षण खात्याचं एमआयएल-एसटीडी-८१० नावाचं मानक आहे, १९६२ पासूनचं. आत्ता चालतो तो 'एच' हा २०१९ चा अवतार. त्यात उष्णता, थंडी, धूळ, कंप, मीठ अशा कितीतरी चाचण्या आहेत, आणि त्यातल्या कोणत्या करायच्या हे कंपनीच निवडते. वरून शिक्का मारणारं लष्कर कुणी नाही. पाडायची जी चाचणी नेहमी सांगतात ती सव्वीस वेळा, १.२२ मीटरवरून, जाड प्लायवूडवर. आणि हे सव्वीस आपटे पाच नगांत वाटून घ्यायला परवानगी असते! सव्वा मीटर म्हणजे उभ्या माणसाचा शर्टाचा खिसा. भरलेल्या ट्रॉलीची उंची नव्हे, आणि आठ मीटरचा विजेचा खांब तर नव्हेच. तरीही आकडा निरुपयोगी म्हणणार नाही. कडा उचललेलं जाड रबरी आवरण आणि काचेपेक्षा किंचित वर आलेली चौकट, एवढ्यानं निम्मे फोन वाचतात. दीडशे-दोनशे रुपयांच्या कव्हरातही ते मिळतं.

उन्हाचा, म्हणजे मागच्या ओट्यावरच्या फुगलेल्या बॅटऱ्यांचा, ढीग मात्र हळूहळू वाढतोय. बहुतेक फोन पस्तीस अंशांपर्यंतच्या हवेत वापरायला केलेले असतात. आमच्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, आणि ट्रॅक्टरच्या बोनेटवर ठेवलेला फोन हाताला चटका देतो. तशा गरम फोनला पॉवर बँक लावली की बॅटरीचं आयुष्य झपाट्यानं उतरतं, पुढं ती फुगते आणि मागचं झाकण उचलते. झाकण उचललं की पट्टी सुटली, पट्टी सुटली की पावसाळा आत. एका ढिगातला फोन असा दुसऱ्या ढिगात जातो. मोटारसायकलच्या हँडलला फोन बांधून हिंडणाऱ्या दूधवाल्यांसाठीही एक गोष्ट: इंजिनच्या थरथरीनं कॅमेऱ्यातली तोल सांभाळणारी यंत्रणा बिघडू शकते, असा इशारा ॲपलनं २०२१ मध्ये दिला होता. शेतावरच्या फोटोवर पिकाची नोंद अवलंबून असताना हे लहान नुकसान नाही.

मग घ्यायचा कोणता? दुकानात त्या दिवशी एक गिऱ्हाईक आलंच, गंगापूरकडचे एक मामा, खिशात कांद्याची पट्टी. "पडला तरी फुटू नये अन् भिजला तरी मरू नये असा द्या बा," म्हणाले. दोस्तानं त्यांना किंमत विचारली नाही. "मामा, मागचा कशानं गेला?" त्यांचे मागचे दोन्ही चार्जिंगच्या तोंडानं गेले होते. कांदा चाळीत काम, धूळ, मग दातकोरणीनं उकरणं.

खास मेहनतीच्या कामासाठीचे फोन भारतात थोडे. सॅमसंगचा एक्सकव्हर७ फेब्रुवारी २०२४ मध्ये इथं आला, सत्तावीस हजारांच्या आसपास, मुख्यतः कंपन्यांसाठी. आयपी६८, मिलिटरी चाचण्या, हातमोजे घालून चालणारा पडदा. पण मला त्यातली एकच गोष्ट खरी मोलाची वाटते: मागचं झाकण नखानं निघतं आणि ४०५० एमएएचची बॅटरी आपल्या हातानं बदलता येते. जुन्या नोकियासारखी. धुळीचा त्रास असेल तर त्याला धातूच्या टिकल्यांवरून चार्ज करायची सोय आहे, म्हणजे तोंड झिजायचा प्रश्नच नाही; पण त्यासाठीचा वेगळा स्टँड लासूरला मिळणार नाही, मागवावा लागेल. युरोपीय संघानं तर फेब्रुवारी २०२७ पासून वापरणाऱ्याला स्वतः काढता येईल अशीच बॅटरी द्यायचा नियम केलाय. तो पुढंमागं इकडंही झिरपेल, अशी आशा करायला हरकत नाही.

दुसरा रस्ता साध्या फोनांचा. ओप्पोनं जून २०२४ मध्ये एफ२७ प्रो प्लस आणला तेव्हा ६९ चा आकडा अठ्ठावीस हजारांना होता. त्याच डिसेंबरात रिअलमी १४एक्स तो पंधरा हजारांच्या आत घेऊन आला. वजनाला हलके, डिस्प्ले शहरात कुठंही मिळतो. खांबावर चढणाऱ्यानं, रोज पंधरा किलोमीटर चालणाऱ्यानं हे वजन मोजावं.

तिसरे ते परदेशातून मागवायचे, विटेएवढे, मोठ्या बॅटरीचे फोन. चित्रात फार देखणे दिसतात. घेण्यापूर्वी दोन गोष्टी पाहाव्यात. जिओला टू-जी, थ्री-जी नाहीच, सगळं फोर-जी आणि फाईव्ह-जी; तिचे बँड फोनमध्ये नसतील तर शिवारात तो रेंजविना नुसती वीट. आणि सुटे भाग. कॅटरपिलरच्या नावानं फोन बनवणारी ब्रिटनची बुलिट कंपनी २०२४ च्या सुरुवातीला बुडाली. फोन दगडाचा, कंपनी काचेची.

चौथा मार्ग दुकानदारांना आवडत नाही: शेतात कीपॅडचा, स्मार्टफोन घरी. २००३ चा नोकिया ११०० आठवतो? रबरी, धूळ न शिरणारा कीपॅड आणि डोक्यावर टॉर्च; जगभर पंचवीस कोटी विकला गेला. मोटार चालू करायला, हाक मारायला तेवढा पुरतो, आणि मार्च २०२२ पासून कीपॅडवरून यूपीआयचीही सोय आहे. रात्री पाणी भरणाऱ्याला मी हाच सुचवेन.

मामांनी एक्सकव्हरची किंमत ऐकली आणि हसले. शेवटी त्यांनी रबरी कव्हर, चार्जिंगच्या तोंडाला बसणारं दहा रुपयांचं रबरी बूच आणि पंधरा हजारांच्या आतला एक फोन घेतला. दोस्तानं सिम घालून दिलं, फोन त्यांच्या हातात ठेवला. मामांनी तो सवयीनं छातीवरच्या खिशात सरकवला.

"मामा."

"अरे हो," म्हणाले, आणि तो काढून धोतराच्या कनवटीला खोचला. मग जरा थांबून विचारलं, "इथं शिंपी कुठं बसतो रे? या खिशाला चेन बसंल का?"