सहा चाकं, पण बाजू दोनच

कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात, निथ नदीकाठच्या न्यू हॅम्बर्ग या गावात १९६२ साली एक कंपनी सुरू झाली. नाव ‘ऑन्टारिओ ड्राइव्ह अँड गिअर’. धंदा नावातच सांगून टाकलेला, गिअर बनवण्याचा. पुढे १९६७ मध्ये या गिअरवाल्यांनी अख्खी गाडीच बाजारात आणली, ‘आर्गो’. बाथटबसारखं धड, त्याला सहा किंवा आठ फुगीर टायर, पाण्यात उतरली तर तरंगायचं आणि टायरच्या नक्षीनेच पाणी मागे लोटत ताशी चारेक किलोमीटरने पुढे सरकायचं. त्या काळात अशा गाड्या काढणाऱ्या कंपन्यांचं उत्तर अमेरिकेत पेवच फुटलं होतं. जायगर, ॲटेक्स, हसलर ही त्यातली काही नावं. बहुतेकींचा गाशा काही वर्षांतच गुंडाळला गेला. आर्गो टिकली, आणि तिच्या वीस-तीस वर्षं जुन्या सहाचाकी आजही कामावर आहेत.

काम कसलं, तर जिथे जीप रुतते आणि माणूस गुडघाभर खचतो तिथलं. उत्तर कॅनडातल्या दलदलीतून शिकारी मूसचं धूड बाहेर काढतात ते हिच्यावर लादून. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात मारलेली हरणं पूर्वी तट्टांच्या पाठीवरून खाली यायची. आता बऱ्याच ठिकाणी हीच गाडी ते ओझं वाहते आणि तिथे तिला ‘आर्गोकॅट’ म्हणतात. त्याच कंपनीने कॅनडाच्या अवकाश संस्थेसाठी चांद्रगाड्यांच्या नमुन्यांवरही काम केलं. त्यातल्या ‘आर्टेमिस ज्युनियर’ची चाचणी २०१२ मध्ये हवाईतल्या मौना केया ज्वालामुखीवर झाली.

एवढं सगळं वाचून कुणी जुनी सहाचाकी घेतली, की पहिला धडा गाडीखाली नव्हे, गाडीच्या आत मिळतो. फळ्या उचलायच्या आणि तळात बघायचं. इंजिनाची ताकद आधी बेल्टवर येते. ऐंशीच्या दशकातली किनेटिक होंडा ज्यांनी खोलली आहे त्यांना ही व्यवस्था ओळखीची वाटेल. दोन पुल्या आणि वेगाप्रमाणे त्यांच्यावर वर-खाली सरकणारा व्ही-बेल्ट. तिथून ताकद गिअरबॉक्सला आणि गिअरबॉक्सातून डाव्या-उजव्या बाजूला. पुढचं सगळं काम चेनचं. एका बाजूची तिन्ही चाकं चेनने एकमेकांना जखडलेली असतात. त्यांना स्वतंत्र फिरण्याची मुभाच नाही.

वळण्याची तऱ्हाही यातूनच येते. पुढची चाकं वळत नाहीत. डावीकडे जायचं तर डाव्या बाजूला ब्रेक लागतो. गिअरबॉक्समधलं डिफरन्शियल ती ताकद उजवीकडे वळवतं, उजवी बाजू जास्त वेगाने फिरते आणि गाडी घसटत डावीकडे वळते. चिखलात हे लोण्यासारखं होतं. डांबरी रस्त्यावर मात्र टायर आडवे घासले जातात आणि तो सगळा जोर चेन, स्प्रॉकेट आणि एक्सलवर येतो. जुनी गाडी अंगणातल्या काँक्रीटवर गोल-गोल फिरवून दाखवणारा विक्रेता भेटला, तर त्याने ती कशी वापरली असेल याचा अंदाज तिथेच बांधावा.

सहा चाकं असली तरी दुरुस्ती करणाऱ्याने हिला दोन बाजूंची गाडी मानावं. एका चाकाचं दुखणं त्या चाकापुरतं कधीच राहत नाही. टायरचंच घ्या. एकच टायर फाटला म्हणून एकच नवा घातला, तर त्याचा घेर झिजलेल्या दोघांपेक्षा जास्त भरतो. साध्या गाडीत हे खपून जातं. इथे मात्र तिघांना एकाच वेगाने फिरायचं असल्याने नवा टायर एका फेऱ्यात जास्त अंतर कापू पाहतो, जुने त्याला मागे ओढतात, आणि ही ओढाताण चेन सोसते. म्हणून जाणकार हवा भरून प्रत्येक टायरचा घेर टेपने मोजतात आणि सारखे टायर एका बाजूला लावतात. हवाही दोन-तीन पीएसआयच भरायची, कारण या जुन्या गाड्यांना वेगळं सस्पेन्शन नाही, टायर हेच सस्पेन्शन. कारसाठीचा नेहमीचा गेज इतक्या कमी दाबाला नीट उत्तर देत नाही, त्यासाठी कमी दाबाचा वेगळा गेज लागतो. गाडी सरळ चालवूनही एकीकडे ओढत असेल, तर गिअरबॉक्सला दोष देण्याआधी हवा बघावी, मग त्या बाजूचा ब्रेक चिकटतोय का ते.

आता चेन. ‘चेन ताणली’ असं सगळे म्हणतात, पण लोखंडी पट्ट्या ताणल्या जात नाहीत. आतल्या पिना आणि बुश झिजतात, प्रत्येक कडीत केसभर फट पडते, आणि शंभर कड्यांच्या फटी मिळून चेन लोंबते. अंदाजाने बोट दाबून बघण्यापेक्षा मोजणं सोपं आहे. ५० नंबरच्या रोलर चेनची पिच (लगतच्या दोन पिनांमधलं अंतर) १५.८७५ मिलिमीटर, म्हणजे १६ कड्या नव्या असताना बरोबर २५४ मिलिमीटर भरतात. चेन ताठ धरून तेच अंतर २५९ च्या आसपास गेलं, म्हणजे दोन टक्के वाढ झाली. अशी चेन बदललेली बरी. तिला चालवत राहिलं की एक दिवस चढावर, ओझ्याखाली, ती स्प्रॉकेटच्या दातांवरून उडी मारते. ‘खाड्’ असा जो आवाज येतो, तो ऐकून नवखा माणूस गिअरबॉक्स गेला असंच समजतो.

यावर एक जुगाड सर्रास होतो, एक कडी कापून चेन आखूड करायची. चेन घट्ट दिसते, मालक खूश. पण झिजलेल्या कड्यांची पिच तशीच वाढलेली राहते, ती दातांच्या मापाशी जुळत नाही, आणि आता स्प्रॉकेटही खायला लागते. दात वाघनखांसारखे एका बाजूला वळलेले दिसले, तर नवी चेन घालूनही उपयोग नाही. दोन्ही बरोबरच बदलावं लागतं. नवी चेन जोडताना मास्टर लिंकच्या क्लिपचं बंद टोक चेन पुढे धावते त्या दिशेला ठेवायचं. उलटं लावलं, तर कशाला तरी घासून क्लिप निघून जाते.

पाणी मात्र सगळ्यांचाच शत्रू. एक्सल धडाच्या भिंतीतून बाहेर येतो तिथे बेअरिंग आणि सील असतं. गाडी पाण्यातून आली की ग्रीसगन लावून जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत दाबायचं. ते दुधाळ आलं तर पाणी आत शिरलंय. चाकामागे गवत, मासेमारीची दोरी, तारेचे तुकडे गुंडाळून बसतात आणि सील कापतात. ते हातानेच काढावे लागतात. चाक जॅकवर उचलून वर-खाली हलवलं आणि खडखड झाली, की बेअरिंग संपलं. धडाच्या तळातला ड्रेन प्लग काढून चिखल धुऊन टाकावा, नाहीतर त्या ओल्या गाळाखाली स्टीलची फ्रेम आतून गंजत राहते आणि वरून काहीच कळत नाही.

धडाला तडा गेला तर घरातला कुठलाही गोंद कामाचा नाही. धड बहुधा एचडीपीई या प्लॅस्टिकचं असतं आणि त्याला चिकट पदार्थ जवळजवळ धरतच नाहीत. गरम हवेने, त्याच प्लॅस्टिकच्या कांडीने वेल्डिंग करावं लागतं. प्लॅस्टिक कोणतं हे ठाऊक नसेल, तर लपलेल्या कडेची छोटी कात्रण साबणाचा थेंब टाकलेल्या पाण्यात सोडावी. एचडीपीई तरंगतं, एबीएस हे दुसरं प्लॅस्टिक बुडतं.

कार्बोरेटरबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. महिनोन्‌महिने उभ्या राहिलेल्या गाडीत पेट्रोलचा चिकटा जेट बुजवतो, तो काढून साफ करायचा. हवेने थंड होणाऱ्या इंजिनाच्या आवरणात उंदीर घरटं करतात, हे मात्र सुरू करण्याआधी बघायलाच हवं. पंख्याच्या मागची कापूस-गवताची गादी इंजिन जाळायला पुरेशी आहे.

जुन्या गाडीची खरी मेख सुट्या भागांत आहे, आणि गंमत म्हणजे अवघड वाटतं ते सोपं निघतं. चेन कारखान्यांत वापरतात तीच, फुटाने मिळते. बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो, तो घेऊन बेअरिंगच्या कुठल्याही दुकानात जाता येतं. इंजिनही बहुधा ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन किंवा कोहलरचं, म्हणजे जनरेटर आणि गवत कापणाऱ्या यंत्रांच्या घराण्यातलं. ते पूर्ण बसलं तर त्याच जातीचं नवं घालता येतं. फक्त विकत घेण्याआधी शाफ्ट आडवा आहे ना, त्याचा व्यास, लांबी आणि टोकाची घडण जुन्या पुलीला बसते ना, हे कॅलिपरने मोजून घ्यावं. अश्वशक्ती जुळूनही शाफ्ट अर्ध्या इंचाने आखूड निघाला, तर पुली बसत नाही आणि नवं इंजिन खोक्यातच राहतं.