होडीच्या इंजिनाचे पाणी

शीत प्रदेशांत घर ऊबदार राखण्यासाठी तापलेले पाणी खोल्याखोल्यांतून फिरविणारा जो लहानसा पंप बसविलेला असतो, त्याचे मुंबईत काही प्रयोजन नाही. परंतु त्याच कुळातील एक पंप, उष्णता घरात आणण्याऐवजी समुद्रात टाकण्याची चाकरी, कफ परेडच्या मच्छीमार नगरातील यांत्रिक होड्यांच्या पोटात बजावीत असतो. डिझेल इंजिनात जळलेल्या तेलाच्या उष्णतेपैकी सुमारे एक-तृतीयांशच प्रत्यक्ष कामी येते. उरलेल्या उष्णतेतील मोठा हिस्सा पाण्यालाच वाहून न्यावा लागतो, आणि हे वहन खंडित झाले तर इंजिन जाम होऊन होडी भर समुद्रात ठप्प होते.

कडेच्या नळीतून बाहेर पडणारी धार ही या पंपाची हजेरी होय. धार क्षीण झाली की पहिला ठपका पंपावर येतो आणि पाने-पेचकस बाहेर निघतात. वास्तविक तपासणी पाण्याच्या वाटेने, म्हणजे होडीच्या तळातील तोंडापासून, सुरू व्हावयास हवी. आपल्या किनाऱ्याच्या पाण्यात प्लॅस्टिकच्या पिशव्यांना तोटा नाही. अशी पिशवी ओढीने त्या तोंडाला चिकटून बसते, इंजिन तापते, तांडेल ते बंद करतो. ओढ थांबताच पिशवी सुटून वाहून जाते, आणि पुन्हा चालू केल्यावर धार पूर्ववत पडू लागते, सबब कसलाच दोष सापडत नाही. पुढे गाळणी येते. तळाचा कॉक बंद करूनच ती उघडावी, नाहीतर समुद्र होडीत यावयाचा.

याहून फसवा प्रकार म्हणजे हवा. पंपाच्या पुढच्या, दाबाच्या बाजूस फट पडली तर पाणी ठिबकते व दोष आपण होऊन उघडकीस येतो. ओढीच्या बाजूस मात्र एक थेंबही गळत नाही, उलट बाहेरची हवा आत शिरते आणि धार फेसाळत, तुटत तुटत पडते. क्लिपा आवळणे, मऊ पडलेला आणि वेगात आतल्या आत चपटा होणारा पाइप बदलणे, एवढ्याने अनेकदा निभावते.

इतके निर्दोष ठरल्यावर मग पट्ट्याचा ताण पाहून पंप खोलावा. त्यातला पंखा बहुधा रबराचा असतो, आणि ज्या पाण्याला तो ढकलतो तेच त्याचे वंगणही असते. कोरडा फिरला तर थोड्याच वेळात त्याची पाती करपून तुटतात. नवा पंखा बसवून समाधान मानणाऱ्यांची मला मौज वाटते: तुटलेले तुकडे पुढे जाऊन थंडकाच्या (इंजिनाची उष्णता पाण्याला देणाऱ्या भागाच्या) बारीक नळ्यांत अडकलेले असतात, आणि ते मोजून परत मिळवल्याखेरीज ताप उतरत नाही. पंपाच्या खालच्या छिद्रातून पाणी ठिबकत असेल, तर मात्र सील गेले हे निश्चित.

1 जून ते 31 जुलै ही मासेमारीबंदीची मुदत या पंख्याला विशेष जाचक ठरते. एकाच जागी दबून राहिलेली पाती वाकडीच राहतात. म्हणून होडी वर ओढल्यावर पंखा काढून, गोड्या पाण्याने धुऊन, सावलीत ठेवावा, आणि बंदी उठल्यावर बसविताना खनिज तेलाऐवजी साबणाचे पाणी लावावे.