अ‍ॅनी हेडन उदास आहे का?

जुन्या चित्रातली मुलगी हसत नसली की आपण तिला दुःखी ठरवून मोकळे होतो. मी मुद्राचित्रण शिकवते. जेम्स मॅकनील व्हिसलरचं ‘अ‍ॅनी हेडन’ वर्गात दाखवलं की पहिलं वाक्य हमखास येतं, ‘किती उदास आहे बिचारी!’ ही घाई मला खटकते. तांब्याच्या पत्र्यावर काय घडलंय, हे कळल्याशिवाय हा चेहरा वाचताच येत नाही.

अ‍ॅनी ही व्हिसलरची भाची. त्याची सावत्र बहीण डेबोरा आणि लंडनमधले सर्जन फ्रान्सिस सीमूर हेडन यांची मुलगी. हेडन स्वतः मुरलेले एचिंगकार. स्लोन स्ट्रीटवरच्या त्यांच्या घरात वरच्या मजल्यावर छपाईचा प्रेस होता. मामा एचिंग शिकला तो अमेरिकेच्या कोस्ट सर्व्हे खात्यात, किनाऱ्यांचे नकाशे कोरता कोरता. त्याच्यासमोर उभं राहणं अ‍ॅनीला नवं नव्हतं. १८५८च्या सुमारास त्याने तिचं एचिंग केलं होतं. ‘अ‍ॅट द पियानो’ या तैलचित्रात पांढरा झगा घालून आईचं वादन ऐकणारी मुलगीही तीच.

१८६०चं हे चित्र मात्र ड्रायपॉइंट आहे. एचिंगमध्ये पत्र्यावर मेणाचा थर देतात, सुईने तो खरवडतात आणि उघड्या पडलेल्या रेषा आम्ल खातं. ड्रायपॉइंटमध्ये आम्ल नाही. अणकुचीदार सुई थेट तांब्यात घुसते आणि तासाच्या कडेला माती उठावी तशी रेषेच्या कडेला धातूची बारीक कोर उठते. आम्ही तिला ‘बर’ म्हणतो. शाई पुसली तरी बरमध्ये अडकून राहते आणि कागदावर मखमली काळा उतरतो. पण बर नाजूक. प्रेसच्या रुळाखाली दर छापागणिक ती दबत जाते. म्हणून एकाच पत्र्याचा सुरुवातीचा छाप गडद, भरलेला असतो आणि नंतरचा करडा, विरलेला.

आता अ‍ॅनीकडे बघा. गोल टोपी, मोकळे केस, घेरदार झगा, मागे पडदा. समोर तोंड करून ती ताठ उभी आहे. चांगल्या छापात टोपीचा आणि केसांचा काळा इतका दाट असतो की त्यात चेहरा उजळून निघतो. चेहऱ्यावर सुई फार जपून चालली आहे, कारण तिथे चुकलेला ओरखडा सहज पुसता येत नाही. झिजलेल्या छापात हा दाटपणा जातो, चेहऱ्याचा उजेड ओसरतो आणि मुलगी फिकट, हरवलेली दिसू लागते. ती उदासी अ‍ॅनीची नव्हे, झिजलेल्या तांब्याची!

तिची गंभीर मुद्रा मी नाकारत नाही. पण अकराएक वर्षांची मुलगी मामाची सुई थांबेपर्यंत न हलता उभी आहे, तेव्हा ओठ मिटलेलेच असणार. मला तिच्यात धीर दिसतो, आणि घरातलं काम मनावर घेणाऱ्या मुलीचा मानही.

पुढे १८६७मध्ये व्हिसलर आणि हेडन यांच्यात हाणामारीपर्यंत वेळ गेली. तरीही, आपली सर्वोत्तम प्लेट ठरवायची झाली तर आपलं नाव ‘अ‍ॅनी हेडन’वर पणाला लावू, असं व्हिसलरने म्हटल्याची नोंद आहे. मोठ्या संग्रहालयांच्या संकेतस्थळांवर तिचे छाप मोठे करून पाहता येतात. दोन छाप शेजारी ठेवा आणि डोळ्यांआधी टोपीचा काळा तपासा.