अकरा मिनिटांचा प्रवास

आमच्या खानदेशात धुळे आणि जळगाव या दोन्ही शहरांना विमानतळ आहे. धुळ्याचा गोंदूरला आणि जळगावचा कुसुंब्याजवळ. दोहोंमधले हवाई अंतर सुमारे ९० किलोमीटर. ताशी ५०० किलोमीटर वेगाच्या विमानाला ते कापायला अकरा मिनिटे पुरावीत! गणित चोख आहे. पण माणसे काही धावपट्टीवर राहत नाहीत.

धुळ्याहून नियमित प्रवासी विमान सुटत नाही. तरी घटकाभर सुटते असे धरू. जायचे पूर्वेला, पण गोंदूर धुळ्याच्या पश्चिमेकडे. म्हणजे आरंभच उलट्या दिशेने. तासभर आधी पोहोचून सामानाची तपासणी करून घ्यायची. विमान उंच चढणार, लगेच उतरू लागणार. त्यामुळे पुरा वेग त्याला मिळायचाच नाही. अकराची वीस-पंचवीस मिनिटे होणार. शिवाय जळगावचा विमानतळ शहराच्या पलीकडच्या अंगाला. तिथून पुन्हा माघारी गावात यायचे. घर ते घर हिशेब केला, तर अडीच तास सहज मोडतील. एरंडोल-पारोळ्यावरून जाणारी आपली एस. टी. साधारण तेवढ्याच वेळात पोहोचवते!

आगगाडीची तऱ्हा आणखी निराळी. धुळे हे चाळीसगावहून आलेल्या ५६ किलोमीटरांच्या फाट्याचे शेवटचे स्टेशन. म्हणून जळगावला जाणाऱ्याने आधी चाळीसगाव गाठायचे आणि तिथून आणखी ९३ किलोमीटर जायचे. नकाशावरची सरळ रेघ रुळांवर अशी दुप्पट नसली, तरी दीडपट होते.

१९०६ साली खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, तरी व्यवहार काही तुटले नाहीत. १९९० मध्ये जळगावला विद्यापीठ झाले आणि आम्हा प्राध्यापकांची ये-जा वाढली. ते शहराच्या अलीकडेच, गिरणाकाठी बांभोरीजवळ आहे. विमानाने जाणारा त्यावरून उडून पुढे जाईल, एस. टी.चा उतारू मात्र वाटेतच उतरेल.

मग विमान निरुपयोगी का? मुळीच नाही. २०१७ च्या डिसेंबरात ‘उडान’ योजनेखाली जळगावहून मुंबईला विमान सुटले. २०२४ मध्ये गोवा, हैदराबाद आणि पुणेही जोडले गेले. हैदराबादेत मुलगा नोकरीला असलेल्या धुळ्याच्या आईबापांना त्याचे मोल विचारा. गुडघे धरलेल्या माणसाला गाडीत रात्र काढणे किती जड जाते, हे मी घरी पाहिले आहे. त्यांची खरी अडचण आकाशात नाही. ती धुळे ते जळगाव या ९० किलोमीटरांत आहे. विमान दुपारी असेल तर सकाळी निघावे लागते, आणि संध्याकाळी उतरले तर धुळ्याची गाडी मिळेल का, याचा घोर लागतो.

म्हणून मला वाटते, धुळ्याहून विमान उडण्याआधी, जळगावच्या विमानाची वेळ पाहून सुटणारी एक साधी बस धुळ्याला मिळावी. विमानाला उशीर झाला तर तिने थांबावे, एवढेच. अंतर किलोमीटरांनी मोजणे सोपे असते. म्हातारी माणसे ते वाट पाहण्याच्या तासांनी मोजतात.