व्यवसायाचे कार्ड छापताना

स्वतःचा छोटा व्यवसाय काढलेल्या आपल्या तरुणांची व्हिजिटिंग कार्डे आमच्याकडे येतात. नाव ठळक, पदव्या दोन ओळी. पण हा बांधव वायरिंग करतो की शिवणकाम, ते शोधावे लागते. ३.५ × २ इंचांत आधी काम, मग नाव, मग फोन यावा. अक्षर ८ पॉइंटांहून बारीक नको. मजकूर कडेपासून ३ मिलिमीटर आत असावा, कारण कापताना कागद सरकतो. मागची बाजू कोरी, लॅमिनेशनविना ठेवावी. तेथे पेनाने भाव लिहून देता येतो.

आमच्या पहिल्या हजार कार्डांत फोनचा एक अंक चुकला होता. प्रूफ आम्हीच तपासले होते! आता प्रूफवरचा क्रमांक पाहूनच फोन लावतो. घंटा आपल्याच खिशात वाजली, तरच छापायला सांगतो.